खुंट त्यांचा, कलम आपलं

आमच्या आणि दाऊदकाकांच्या घरामध्ये एकच भिंत होती, आणि तीही इतकी पातळ, की सारामावशींनी पाट्यावर वरवंटा फिरवायला घेतला की आमच्या फळीवरची भांडी किणकिणायची. भिवपुरीच्या वीजघराच्या क्वार्टर्समधली ती शेवटची दोन घरं. मागे लगेच डोंगराचा उतार आणि त्या उतारावरून खाली आलेले लोखंडी पाइप, आत माणूस उभा राहील एवढे जाड. त्यांतून पाणी उतरायचं आणि टर्बाइन फिरायचं. त्याची घुमघुम दिवसरात्र चालू असे. आम्हाला ती ऐकूच यायची नाही. ऐकू यायची ती बंद पडली तर. मग बायका हातातलं काम टाकून ओट्यावर यायच्या आणि वीजघराकडे बघत राहायच्या. पुढे नर्सिंग शिकायला मी मुंबईला गेले तेव्हा हॉस्टेलवर पहिले आठ दिवस मला झोप लागेना. एवढ्या गोंगाटाच्या शहरात मला कसला तरी आवाज कमी पडत होता.

बाबा मूळचे वसईकडचे. दाऊदकाका खालापूर तालुक्यातल्या वावोशीचे. दोघेही फिटर, बहुतेक एकाच शिफ्टला. दाऊदकाकांच्या आजोबांचा तेलाचा घाणा होता आणि शनिवारी तो बंद असायचा, म्हणून गावात त्यांना शनवार तेली म्हणत. ते स्वतःला इस्राएल म्हणवून घेत. आमच्या ओळीत आगरी होते, मराठे होते, बौद्ध होते, आम्ही किरिस्ताव होतो, तसे ते इस्राएल. त्या शब्दाला यापलीकडे काही अर्थ असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. त्यांची एस्तेर माझ्याहून दोन महिन्यांनी मोठी, आणि तो मोठेपणा ती आजही सोडत नाही.

शुक्रवारी दिवेलागणीला सारामावशी काचेच्या पेल्यात पाणी आणि त्यावर तेल ओतून वात लावायच्या, डोक्यावर पदर घ्यायच्या आणि दोन्ही हात डोळ्यांवर धरून पुटपुटायच्या. त्यानंतर शनिवारी आभाळात चांदण्या दिसेपर्यंत त्या घरात कुणी काडी ओढायची नाही. म्हणून शनिवारी सकाळी त्यांचा स्टोव्ह पेटवायचं काम माझं. हे कधी ठरलं, कुणी ठरवलं, मला आठवत नाही. मी सात-आठ वर्षांची असल्यापासून भिंतीवर दोन थापा पडायच्या आणि पलीकडून हाक यायची, "मोनी, ये गं. चहाची तलप आली हाय." मग मी जायचे. दाराच्या चौकटीला एक बोटभर नळी तिरपी खिळलेली होती, आत देवाची वचनं लिहिलेली गुंडाळी असलेली. त्या घरातलं प्रत्येक माणूस आत जाताना तिला हात लावून तो हात ओठांना लावायचं, म्हणून मीही लावायचे. मी स्टोव्हला पंप मारायचे, काडी ओढायचे, आधण ठेवायचे आणि चहा झाला की पहिला कप मला मिळायचा. त्यांच्या शनिवारच्या चहात जायफळ असायचं. आमच्या घरी जायफळ फक्त नाताळात.

खाण्याच्या बाबतीत दोन्ही घरांनी एकमेकांची नस ओळखली होती. आई जवळा भाजायला लागली की वास भिंतीपलीकडे जायचा आणि मावशी ओरडायच्या, "आमच्या नाकानं पाप केलं गं बाई!" त्यांना कोलंबी, जवळा, खेकडे चालत नसत. मासा खवल्यांचा हवा. मटणाबरोबर दूध नाही, म्हणून त्यांच्या घरी सगळं नारळाच्या दुधात. आईने त्यांच्यासाठी एक पितळी पातेलं वेगळं ठेवलं होतं, त्यात आमचं मटण कधी शिजलं नाही. नाताळात त्या पातेल्यातून मैद्याचे तळलेले गोल फुगे जायचे, आणि त्यांच्या नव्या वर्षाला तेच पातेलं हलव्याने भरून परत यायचं. गव्हाचा चीक आणि नारळाचं दूध तासन्‌तास घोटून केलेला, गुलाबी रंगाचा, चिरल्यावर सुरीला जरासुद्धा न चिकटणारा तो हलवा. सारामावशी आणि दाऊदकाका आळीपाळीने घोटायचे, आणि घोटताना त्यांचं जे भांडण व्हायचं ते आम्ही भिंतीला कान लावून ऐकायचो.

क्वार्टर्समध्ये देऊळमाऊली नव्हती. म्हणजे आमचं चर्च नव्हतं. मोठी माणसं चर्चला देऊळमाऊलीच म्हणायची. कर्जतहून फादर महिन्यातून दोन रविवारी यायचे आणि शाळेच्या एका खोलीत मिस्सा व्हायची. पण दर रविवारी, फादर येवोत न येवोत, गास्पार मास्तर सायकलवरून यायचे आणि आम्हा पंधरा-वीस मुलांना धर्मशिक्षण द्यायचे. ते निवृत्त प्राथमिक शिक्षक होते. पांढरी टोपी, पांढरा सदरा, पांढरं धोतर, पायात कातडी चपला. संधिवाताने गुडघे इतके आखडलेले, की सायकलवरून उतरताना ते आधी सायकल ओट्याला टेकवायचे आणि मग स्वतःला एकेक पाय करत खाली आणायचे. फादरांनीच त्यांना सांगून ठेवलं होतं की मिस्सेत गुडघे टेकू नका, देव समजून घेईल. त्यांना झाडांचा नाद होता. नेरळजवळ त्यांची वाडी होती आणि आंब्याचं कलम बांधावं तर गास्पार मास्तरांनी, असं लोक म्हणत. मुलांवर त्यांनी कधी हात उगारला नाही. मला ते देवाच्या खालोखाल वाटायचे.

ईस्टरच्या आधीचा चाळीस दिवसांचा उपासकाळ सुरू झाला की मास्तर येशूच्या दुःखसहनाची गोष्ट सांगायला घ्यायचे. दर रविवारी थोडी थोडी. ते सांगायला लागले की बाहेरच्या चिंचेवरचे कावळेसुद्धा गप्प बसायचे असं मला वाटे. त्या वर्षी मी बारा वर्षांची होते. रोमन सुभेदार पिलाताच्या वाड्यापर्यंत गोष्ट आली होती. लोक ओरडताहेत, याला क्रुसावर चढवा. मास्तरांचा आवाज कापायला लागला. ते म्हणाले, "यहूद्यांनी आपल्या प्रभूला मारलं, मुलांनो. त्यांनी त्याचं रक्त स्वतःच्या आणि आपल्या मुलाबाळांच्या माथी घेतलं. ते अजून उतरलेलं नाही."

मी रडत होते. पुढच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. "मास्तर, यहूदी म्हणजे कोण? आता आहेत?"

"आहेत ना. जगभर आहेत. इस्राएल म्हणतात ते तेच."

सगळी मुलं मागे वळून माझ्याकडे बघायला लागली. कुणीतरी म्हणालं, "मोनीच्या शेजारचे!" मास्तर क्षणभर थांबले. त्यांना दाऊदकाका ठाऊक होते, बाजारात भेटले की दोघं आंब्याच्या मोहोराबद्दल बोलायचे. पण ते काही म्हणाले नाहीत. पुस्तक मिटलं आणि शेवटची प्रार्थना घेतली. त्या थांबण्याबद्दल मी पुढे पुष्कळ विचार केला आहे. त्या वेळी मला एवढंच कळलं, की मास्तर नाही म्हणाले नाहीत.

संध्याकाळी एस्तेर नेहमीसारखी पाइपांच्या खालच्या कट्ट्यावर माझी वाट बघत होती. ओच्यात कैऱ्या, पुडीत मीठ. मी तिच्यापासून हातभर अंतरावर बसले. तिने कैरी पुढे केली, मी घेतली नाही.

"काय झालं गं?"

"तुम्ही आमच्या देवाला मारलंत."

ती हसली. तिला वाटलं मी काहीतरी नाटक करते आहे. मग माझं तोंड बघून तिचं हसू गेलं. "आमी नाय मारलं कुणाला. माझे बाबा कोंबडीपण सोता कापत नायत. पनवेलवरनं माणूस येतो तवाच आमच्याकडं कोंबडी होते."

"मास्तरांनी सांगितलं. तुम्ही यहूदी. तुमच्या अंगावर अजून त्याचं रक्त आहे."

एस्तेरने काय करावं? तिने आपले हात बघितले. खरंच बघितले, आधी तळवे, मग पालथे करून. मग कैऱ्या कट्ट्यावर ओतल्या आणि ती घरी गेली. हे प्रकरण लिहायच्या आधी मी ते तिला फोनवर सांगितलं. ती आता पनवेलला असते, गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आहे, तरी जीभ तशीच. बाकी सगळं ऐकून घेतलं, पण इथे तिने मला थांबवलं. "हात बघितले हे लिही हां," म्हणाली. "ते खरं हाय. मी घरी जाऊन धुतले पण होते."

पुढच्या शनिवारी भिंतीवर थापा पडल्या नाहीत. मीही गेले नाही. आठ वाजले, नऊ वाजले. आई ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिने माझ्याकडे बघितलं, पलीकडच्या बंद खिडकीकडे बघितलं आणि सूप खाली ठेवलं.

"स्टोव्ह पेटवून आलीस का गं?"

आईने विचारून विचारून सगळं बाहेर काढलं. मला वाटलं ती मारेल. मारलं नाही. ती उठली आणि तडक शेजारी गेली. थोड्या वेळाने परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. सारामावशींनी तिला आत घेतलं होतं, बसवलं होतं, पण स्टोव्ह पेटवू दिला नव्हता. "राहू दे गं," म्हणाल्या होत्या. "आज नको वाटतो चहा." आई मला म्हणाली, "सायमनच्या वेळी रात्रभर पाऊस होता. नर्सबाई आली नाही, तुझे बाबा कामावर. तुझ्या भावाची नाळ त्या बाईने कापली. तिच्या हाताला कुणाचं रक्त लागलं असेल तर ते माझं लागलंय." आणि मग, हे मला अजून लख्ख आठवतं, ती खाली बसली आणि हळूच म्हणाली, "पण मास्तर खोटं कशाला सांगतील?"

बाबांचंही तेच झालं. ते कमी बोलणारे होते. कामावरून आले, जेवले आणि म्हणाले, "मास्तर खोटं बोलणारा माणूस नाही. दाऊदपण खोटा माणूस नाही. आता काय करायचं?" एवढ्यात दाऊदकाकाच दारात आले. शनिवार संपला होता. बाबांनी पाट दिला. काका बसले. मी आतल्या दाराआड उभी.

"जुजेभाऊ, पोरींचं काय झालंय ते मला कळलं," काका म्हणाले. "आमचं म्हातारं सांगायचं, आमचे बापजादे जहाज फुटून कोकणच्या किनाऱ्याला लागले ते त्या येशूच्या जन्माच्याबी आधी. म्हणजे हे झालं तवा आमी तिकडं नव्हतोच. नवगावला नारळ सोलत असू." बाबा हसले. काकाही हसले. मग काका एकदम गंभीर झाले. "पण घरनं इथपर्यंत येताना माझ्या मनात आलं, मी ही साक्ष कशाला काढतोय? जे तिकडं ऱ्हायले त्यांच्या पोराबाळांनी तरी काय केलं होतं? जन्माला आले एवढंच ना?"

बाबांनी एक गोष्ट केली, जी त्यांच्या स्वभावात नव्हती. दुसऱ्या दिवशी मिस्सा झाल्यावर ते फादरांपुढे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "फादर, आज आमच्याकडे जेवायला या. मास्तरांनाही घेऊन या. एक प्रश्न आहे."

फादर बेनेडिक्ट नवे होते. पुण्याहून सेमिनरी संपवून आलेले, तरुण, चष्मा लावणारे, आणि मोटरसायकलवर बसले की झगा खोचून घेणारे. रोममध्ये सगळ्या जगातले बिशप मोठ्या परिषदेला जमले होते आणि तिथे बरंच काही बदललं, एवढं आम्हाला ठाऊक होतं. मिस्सा लॅटिनऐवजी मराठीत आली ती त्यामुळेच. पण आणखी काय बदललं ते डोंगराच्या पायथ्याशी अजून पोचायचं होतं. बाबांनी जेवणानंतर प्रश्न मांडला. नुसता मांडला नाही, मला बाहेर बोलावून म्हणाले, "तू काय ऐकलंस आणि काय बोललीस ते सांग." मी मास्तरांसमोर ते सगळं सांगितलं.

फादर उठले आणि मोटरसायकलच्या पिशवीतून एक इंग्रजी पुस्तक घेऊन आले. कडेला पेन्सिलीच्या खुणा होत्या. एक पान काढून ते मराठीत सांगायला लागले, शब्द शोधत, थांबत थांबत. येशूच्या मरणात जे घडलं त्याचा दोष त्या वेळच्या सगळ्या यहूद्यांवर टाकता येत नाही, आजच्या यहूद्यांवर तर नाहीच. देवाने त्यांना टाकलं आहे, शाप दिला आहे, असं कुणी शिकवू नये. देव दिलेलं वचन परत घेत नाही. येशू त्यांच्यातला, त्याची आई त्यांच्यातली, पहिले शिष्य त्यांच्यातले. आणि त्यांच्याविषयीचा द्वेष, तो कुणीही केलेला असो, चर्चला अमान्य आहे.

"असं लिहिलंय?" आईने विचारलं.

"असंच लिहिलंय. सगळ्या बिशपांनी मिळून ठरवलंय, पोपनी सही केलीय."

मास्तरांनी हातातला पेला खाली ठेवला होता. फादर पुढे म्हणाले, "संत पौलाने एक दाखला दिलाय. देवाने लावलेलं एक जैतुनाचं झाड आहे, ते म्हणजे इस्राएल. आपण बाहेरची माणसं रानटी जैतुनाची फांदी. ती फांदी त्या झाडावर कलम केली. मूळ त्यांचं आहे. फांदीने मुळापुढे मिजास करू नये, कारण फांदी मुळाला पोसत नाही."

हे मास्तरांच्या कानावर पडलं आणि त्यांच्यातला माळी बोलून गेला. "उलटं आहे हे. रायवळाच्या खुंटावर हापूसची काडी बांधतात. चांगल्या झाडावर रानटी काडी कोण बांधेल? वेडा आहे का तो?"

"तेच तर," फादर म्हणाले. "खुंट हापूसचा, आणि त्यावर रायवळाची काडी बांधली. खुंट त्यांचा, कलम आपलं. असं कुठला माळी करत नाही. देवाने केलं."

मला वाटलं आता मास्तर हसतील, सगळं मिटेल. मास्तर हसले नाहीत. त्यांचा चेहरा चुन्यासारखा झाला. "फादर, चाळीस वर्षं मी मुलांना हे शिकवलं. मला माझ्या मास्तरांनी शिकवलं. दर शुभ शुक्रवारी सगळ्यांसाठी गुडघे टेकून प्रार्थना व्हायची, फक्त यहूद्यांच्या वेळी आम्ही उभे राहायचो, तशी रीत होती. ती रीत कोणी केली? मी केली? आता तुम्ही कालचे मोटरसायकलवरून येता आणि सांगता, की चाळीस वर्षं मी पाप शिकवलं?" फादर काही बोलायला गेले, पण मास्तर उठले. चपला घातल्या, सायकल ओढत उतारावरून गेले. त्यावर बसलेसुद्धा नाहीत.

पुढच्या रविवारी मास्तर आले नाहीत. झावळ्यांचा रविवार होता, आम्ही मुलांनी आपल्याआपण झावळ्यांचे क्रूस वळले. सारामावशींची सफाई चालू होती, कारण त्यांचा बिनखमिराच्या भाकरीचा सण त्याच आठवड्यात आला होता. आंबवलेल्या आंबटाचं मडकं झाकून ठेवायचं, घरात खमीर लागलेलं काही राहू द्यायचं नाही, भिंतींना चुना द्यायचा, नवी मडकी आणायची. दरवर्षी मी आणि एस्तेर त्यांच्या भिंती रंगवायचो, म्हणजे एकमेकींना रंगवायचो. त्या वर्षी ती एकटीच कुंचला घेऊन उभी होती. मी आमच्या खिडकीतून बघत होते. शनिवारीही गेले नव्हते. मला आता सगळं कळलं होतं, फादरांनी सांगितलं होतं, तरी जाता येत नव्हतं. लाज ही फार जड वस्तू आहे. चूक कळल्यावर ती हलकी होत नाही, आणखी जड होते.

शुभ शुक्रवारी दुपारी तीनला शाळेच्या खोलीत सगळे जमलो. मास्तर आले होते. कोपऱ्यात भिंतीला टेकून उभे होते, कुणाशी बोलत नव्हते. त्या दिवशीच्या मोठ्या प्रार्थना मराठीत आल्यापासून त्या वाचण्याचं काम त्यांचंच. फादरांनी त्यांच्याजवळ जाऊन कागद पुढे केला आणि हळू आवाजात काहीतरी म्हणाले. मास्तरांनी बराच वेळ कागदाकडे बघितलं आणि मग घेतला. चर्चसाठी प्रार्थना झाली. पोपसाठी, बिशपांसाठी झाली. प्रत्येक वेळी सगळे गुडघे टेकायचे, उठायचे, मास्तर तेवढे उभे. मग ती प्रार्थना आली. देवाचा शब्द ज्यांनी सगळ्यांच्या आधी ऐकला त्या यहूदी लोकांसाठी, त्यांनी देवावरच्या प्रेमात वाढावं, त्याच्याशी केलेला करार निष्ठेने पाळावा म्हणून. मास्तरांनी ती वाचली. अडखळले नाहीत. वाचून झाल्यावर माझ्या मागची म्हातारी माणसं सवयीने उभीच राहिली.

आणि मास्तरांनी कागद टेबलावर ठेवला, एक हात टेबलाच्या कडेवर, दुसरा जमिनीवर, आणि ते खाली जायला लागले. सायकलवरून उतरायचे तसे, एकेक पाय करत. त्यांचं हाड वाजलेलं आम्हाला ऐकू आलं. बाबा धरायला पुढे गेले, तर मास्तरांनी मानेनेच नको म्हटलं. दोन्ही गुडघे फरशीला टेकले तेव्हा मागची म्हातारी माणसंसुद्धा एकेक करून खाली बसली. उठताना मात्र मास्तरांना दोघांनी धरावं लागलं.

पास्काचा, म्हणजे ईस्टरचा, रविवार झाला. सोमवारी संध्याकाळी मास्तर आमच्या दारात. आईने चहा विचारला, तर म्हणाले, "नंतर. मोनिका कुठे आहे? चल माझ्याबरोबर. माझ्या तोंडून निघालं आणि तुझ्या तोंडून त्या घरात गेलं. दोघांनाच जायला हवं."

घरात अजून नव्या चुन्याचा वास होता. दाऊदकाका उठून उभे राहिले. "या मास्तर, बसा."

"बसतो. आधी बोलतो." मास्तरांनी टोपी काढून हातात घेतली. "दाऊदभाऊ, मी मुलांना तुमच्या लोकांबद्दल चुकीचं शिकवलं. त्या दिवशी वर्गात मुलांनी तुमचं नाव घेतलं, तेव्हाच मला कळलं होतं की काहीतरी चुकतंय. मी तुम्हाला ओळखतो. तरी गप्प बसलो. शिकवलं ते अज्ञानाने. गप्प बसलो ते अज्ञानाने नाही."

काकांनी पुढे होऊन मास्तरांच्या हातातली टोपी घेतली आणि खुंटीला लावली. मास्तर एस्तेरकडे वळले. ती आतल्या दारात, चुन्याने फुटलेले हात मागे बांधून उभी होती. "बाळ, मी चुकलो," ते म्हणाले. साठी उलटलेल्या मास्तरांनी बारा वर्षांच्या पोरीला असं म्हटलेलं मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

एस्तेरने त्यांना खालपासून वरपर्यंत बघितलं. "हे तुमी वर्गात पण सांगणार?"

"एस्तेर!" सारामावशी म्हणाल्या.

"बरोबर विचारते आहे ती," मास्तर म्हणाले. "सांगणार." मग माझ्याकडे बघून, "आता तू."

मी म्हणाले, माझं चुकलं. इतकं हळू की मलाच ऐकू आलं नसेल. एस्तेरने त्याला उत्तर दिलं नाही. तिचा प्रश्न वेगळाच होता. "शनवारी का नाय आलीस? आईनं तीन शनवार चहा घेतला नाय." तेव्हा मात्र मी भोकाड पसरलं, आणि मला रडताना बघून तीही रडायला लागली. सारामावशी दोघींना ओढत म्हणाल्या, "बसा आता गप. खायला बसा." त्यांनी बिनखमिराच्या पातळ पोळ्या आणि खजूर आटवून केलेला घट्ट काळा रस वाढला. मास्तरांनी पोळी हातात घेतली, निरखून बघितली आणि काकांना विचारलं, "शेवटच्या भोजनात प्रभूने मोडली ती अशीच असेल, नाही?" काका म्हणाले, "त्याच सणाचं जेवण होतं म्हणतात ना ते? मग अशीच. पण आमच्या साराएवढी पातळ नसंल."

मी आता राहते त्या खोपोलीच्या चर्चमध्ये मुलांना हे सगळं पहिल्यापासूनच शिकवतात. येशू यहूदी होता हे सांगताना कुणाचा आवाज अडखळत नाही, आणि ऐकताना कुठलं मूल दचकत नाही. चांगलं आहे. पण त्या मुलांना कधी कळणार नाही, की हे वाक्य साधं होण्यासाठी एका म्हाताऱ्या माणसाला किती कष्ट पडले.

पास्कानंतरच्या पहिल्या रविवारी एस्तेर माझ्याबरोबर वर्गाला आली. मास्तर सांगतात की नाही ते तिला स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं. आम्ही दोघी शेवटच्या बाकावर बसलो. मास्तरांच्या वर्गाचा एक नियम होता: ज्याचं उत्तर चुकेल त्याने उभं राहायचं, आणि बरोबर उत्तर मिळेपर्यंत बसायचं नाही. त्या दिवशी मास्तर आले आणि टेबलामागची खुर्ची त्यांनी बाजूला सारली. "उपासकाळात मी तुम्हाला एक गोष्ट चुकीची सांगितली," ते म्हणाले. "ती विसरा. आता बरोबर काय ते सांगतो." आणि त्यांनी सांगितलं. येशूचं घर, त्याची आई, त्याचे सणवार, त्याने पाठ केलेल्या प्रार्थना. रायवळ आणि हापूसही सांगितला. पुढच्या बाकावरच्या त्याच मुलाने विचारलं, "मग मास्तर, येशूला मारलं कुणी?" मास्तर म्हणाले, "पिलाताने हुकूम दिला, त्याच्या शिपायांनी खिळे ठोकले. आणि तो मेला ते माझ्या, तुझ्या, सगळ्यांच्या पापांसाठी. दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवायला आपल्याला जागा नाही."

तासभर ते उभे होते. हाताचा भार टेबलावर, अधूनमधून एका पायावरून दुसऱ्या पायावर. वर्गाला कळेना की मास्तर आज बसत का नाहीत. मलाही कळलं नव्हतं. गोष्ट संपली, तरी ते उभेच. मग माझ्या शेजारी बाक कुरकुरला. एस्तेर उठून उभी राहिली होती.

"मास्तर," ती म्हणाली, "बरोबर हाय. आता बसा."

मास्तरांनी खुर्ची ओढली आणि ते बसले.